हुणसगीच्या झऱ्यांपासून बुदिहाळच्या गोठ्यापर्यंत

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत पायाखाली असते ती शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावानं ओळखली जाते. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडीचा दगड थराथरानं सुटतो. त्याचा हा गुण इसामपूरच्या माणसांनी सुमारे बारा लाख वर्षांपूर्वी हेरला होता.

इसामपूर हे हुणसगीजवळचं खेडं. ते पूर्वी गुलबर्गा (म्हणजे आजच्या कलबुर्गी) जिल्ह्यात होतं, आता यादगीर जिल्ह्यात आहे. कालव्याच्या कामासाठी तिथली वरची माती उचलली गेली आणि खाली दगडी हत्यारांचा कारखाना उघडा पडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या १९७०च्या दशकापासून हुणसगी आणि बैचबाळ ही दोन खोरी पायी धुंडाळत होते. त्यांनी १९९०च्या दशकाअखेरीस इथं उत्खनन केलं. प्राण्यांच्या दातांवरून काढलेलं या थराचं वय सुमारे बारा लाख वर्षं आलं. तमिळनाडूतलं अत्तिरमपाक्कम सोडलं तर भारतात इतकी जुनी कालनिश्चिती विरळाच.

कारागिरांनी हवी तेवढी जाड लादी निवडली होती. कडेनं टवके उडवले की हातकुऱ्हाड तयार व्हायची. सरळ धारेच्या हत्यारासाठी मात्र मोठ्या ठोकळ्यातून आधी रुंद छिलका काढावा लागे. ठोकण्यासाठी बेसाल्ट आणि क्वार्टझाइटचे गोटे होते. अर्धवट सोडलेले तुकडेही तिथंच पडलेले आहेत. कोणत्या दगडातून काय निघेल, हे घाव घालण्याआधी डोक्यात पक्कं असल्याशिवाय असं काम होत नाही. या माणसांना ‘रानटी’ म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

त्यांचा दिवस पाण्यानं ठरायचा. पद्दय्यांची मांडणी अशी : पावसाळ्यात ओढे आणि डबकी भरली की टोळ्या खोऱ्यात पांगत, फळं, कंद आणि लहान प्राण्यांवर राहत. उन्हाळ्यात बारमाही झऱ्यांभोवती एकत्र येत. मोठी जनावरंही तिथंच पाण्याला उतरत, त्यामुळे शिकार जवळ असे. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा हेच त्यांचं वेळापत्रक. साठवणीची मात्र कुठं खूण नाही.

पुढची लाखो वर्षं हत्यारं हळूहळू लहान होत गेली. हातकुऱ्हाडी गेल्या, पातळ पाती आली, मग बोटाच्या पेराएवढी सूक्ष्मास्त्रं आली. तरी माणूस अन्नामागं फिरतच राहिला. खरा पालट घडवला तो गुरांनी.

हुणसगीचं खोरं ज्या सुरपूर भागात आहे, तिथंच बुदिहाळ आहे. तिथं राखेचे मोठे ढिगारे आहेत आणि पद्दय्यांनी १९८९पासून काही हंगाम त्यांचं उत्खनन केलं. काळ साधारण इ.स.पू. २३०० ते १७००. ही राख शेणाची. गुरं कोंडायच्या आवारात शेण साचे, ते पेटवलं जाई. आग कुठं कुठं इतकी प्रखर होती की राख वितळून काचेसारखी झाली. पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांना तेव्हा आंध्रात, आता तेलंगणात असलेल्या उत्नूरला अशाच ढिगाऱ्यात गुरांच्या खुरांचे ठसे आणि कुंपणाच्या खांबांची भोकं सापडली होती. त्यानंतर या ढिगाऱ्यांबद्दलच्या बऱ्याच शंका मिटल्या.

गुरं आली आणि माणसाच्या दिवसाला बांधिलकी आली. सकाळी सोडायची, संध्याकाळी मोजून आत घ्यायची, वाघा-लांडग्यांपासून राखायची. बुदिहाळला गोठ्याशेजारी घरांच्या खुणा आहेत, चर्टची पाती बनवायची जागा आहे, आणि जनावरं कापण्यासाठी मुद्दाम बनवलेली जमीन आहे. एक अख्खा बैल एका घराला संपत नाही, म्हणून तिथं सगळ्या वस्तीच्या पंगती होत असणार असं मला वाटतं. मुलांची दफनंही वस्तीतच आहेत. ज्या जागी मूल पुरलं, ती जागा सोडून जाणं सोपं राहत नाही. ऑल्चिन यांनी शेण पेटवण्याचा संबंध दक्षिणेतल्या गुरांच्या सणांशी जोडला. वसुबारसेला गाय-वासरू पुजणाऱ्या सीमाभागातल्या घरांनी हा विचार जरूर ऐकावा.

ताटात काय होतं? दक्षिणेतल्या त्या काळच्या वस्त्यांत बारीक भरडधान्यं, मूग आणि कुळीथ सापडतात. आज या मुलखाची ओळख असलेली ज्वारीची भाकरी तेव्हा नव्हती. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, ती नंतर आली. तूरही पुढं ओडिशा-बस्तरच्या बाजूनं पसरली. कलबुर्गीच्या तुरीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बुदिहाळच्या आईनं मुलाला वरण दिलं असेल तर ते कुळथाचं किंवा मुगाचं.

लोखंड आल्यावर मेलेल्यांसाठी दगड रचले जाऊ लागले. सुरपूर संस्थानात ब्रिटिश अधिकारी असलेले मेडोज टेलर यांनी एकोणिसाव्या शतकात जेवर्गी भागातली शिळाथडगी उघडली. आत सांगाडे, मडकी आणि लोखंडी वस्तू निघाल्या. थडगी इतकी नीट टिकली आणि घरं फारशी सापडत नाहीत, म्हणून या लोकांच्या रोजच्या जगण्याविषयी बुदिहाळपेक्षा कमीच सांगता येतं. शहापूरजवळच्या विभूतिहळ्ळीला मोठमोठ्या धोंड्यांच्या सरळ रांगा आहेत, उभ्या-आडव्या, ठरावीक अंतरानं. टेलर यांनीही त्यांची नोंद केली होती. एका कुटुंबाच्या हातून ते धोंडे हलले नसते.