सागरी पूर आणि ब्रॅम्बल के बेट

'पूर' हा शब्द उच्चारताच मराठी भाषकाच्या मनापुढे नदी उभी राहते. समुद्र चढला की कोकणातला माणूस 'उधाण' म्हणतो. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. नदीचा पूर ओसरताना गाळ ठेवून जातो. उधाण मीठ ठेवून जाते. लहान बेट समुद्रापुढे दुबळे का ठरते, हे समजण्यास एवढा भेद ध्यानी घेणे अवश्य आहे.

ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांमधील टोरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के हे प्रवाळवाळूचे बेट आहे. त्याची सर्वोच्च जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ३ मीटर. हिरवी कासवे व समुद्रपक्षी तेथे अंडी घालतात. शिवाय जगात अन्यत्र कोठेही न आढळलेला, मेलोमिस वर्गातील एक उंदीर तेथे राहत असे. भरतीरेषेच्या वरची भूमी १९९८ साली सुमारे ४ हेक्टर होती. २०१४ साली ती सुमारे २.५ हेक्टर उरली. वनस्पतींचे आच्छादन मात्र २००४ मधील सुमारे २.२ हेक्टरांवरून मार्च २०१४ मध्ये ०.०६५ हेक्टरवर आले. म्हणजे निम्म्याहून अधिक भूमी शिल्लक असता हिरवळ शेकडा ९७ नाहीशी झाली. उंदराचे अन्न आणि आसरा त्या हिरवळीतच होता. २००९ नंतर तो कोणास दिसला नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या शासनाने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले.

या उंदरासाठी २००८ साली संरक्षण-योजना तयार झाली होती. चढत्या समुद्राचा व वादळांचा मोठा परिणाम योजनेच्या कालावधीत संभवत नाही, असा तिचा अभिप्राय होता. दोष 'कालावधीत' या एका शब्दात आहे. समुद्राची पातळी वर्षाला काही मिलिमीटरच चढते, हे खरे. परंतु हानी त्या सरासरीने होत नाही. वादळ आणि मोठी भरती एकत्र येताच चढलेला प्रत्येक मिलिमीटर उधाणाची पायरी होतो. मोठ्या बेटावर प्राणी उंचावर सरकतो. येथे तशी उंची नव्हती आणि दुसरी वसतीही नव्हती.

तात्पर्य, अशा बेटाची असुरक्षितता क्षेत्रफळावरून ठरविता येत नाही. खारे पाणी किती वेळा चढते आणि दोन उधाणांमध्ये वनस्पतींना सावरण्यास किती अवधी मिळतो, हे पाहिले पाहिजे. काही प्राणी अन्यत्र नेऊन जगवावयाचे असतील, तर तो निर्णय हिरवळ टिकून आहे तोवरच घ्यावा लागतो.