सर्जनशील लेखनाची बाजारपेठ: मानधन देणारे अंक आणि संग्रह कसे शोधावेत

प्रस्तावना

कथा, कविता किंवा ललित लेख लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात असतात, अभियांत्रिकीतही असतात. रायपूरला लागून असलेल्या बीरगावात, उरला आणि सिलतराच्या कारखान्यांच्या शेजारी शिकवताना मला हे दरवर्षी दिसते. मराठी घरांतली इथली मुले घरी मराठी, वर्गात हिंदी-इंग्रजी आणि बाजारात छत्तीसगढी बोलतात. त्यांतली काही लिहितात आणि विचारतात, "सर, हे कुठे पाठवायचे?" त्यापुढचे दोन प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही: याचे मानधन मिळेल का, आणि सही नेमकी कशावर करायची? या टिपणात या तिन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

उद्दिष्टे

हे टिपण वाचल्यावर तुम्हाला
१. मानधन देणारे, मानधन न देणारे पण प्रामाणिक, आणि लेखकाकडूनच पैसे घेणारे असे तीन प्रकार ओळखता येतील;
२. एका कथेत किती वेगवेगळे हक्क असतात हे सांगता येईल;
३. साहित्य पाठवण्याची नोंद ठेवता येईल आणि करारातील धोक्याची कलमे ओळखता येतील.

१. नियतकालिकाकडे पैसा येतो कुठून?

मानधन कोण देऊ शकेल हे ठरवण्यासाठी आधी नियतकालिकाचे उत्पन्न पाहावे लागते. आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. माधवराव सप्रे हे मराठी भाषक. त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये गणली जाणारी त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा १९०१ मध्ये याच मासिकात आली. मजकूर चांगला होता, संपादक तळमळीचा होता. तरीही तीन वर्षांत, १९०२ मध्ये, मासिक बंद पडले. कारण आर्थिक होते. वर्गणी आणि जाहिरात यांतून छपाईचा खर्च निघत नसेल तर लेखकाला द्यायला पैसा कुठून येणार?

आता दिवाळी अंक पाहा. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा सुरू झाली. आज दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. सणाच्या खरेदीमुळे जाहिराती याच काळात येतात आणि वाचकही वर्षातून एकदा अंकावर पैसे खर्च करायला तयार असतो. म्हणून जे मासिक एरवी लेखकाला फक्त अंकाची प्रत पाठवते, तेच दिवाळी अंकासाठी मानधन देते असे दिसून येते. मराठीत सर्जनशील लेखनाची सर्वात मोठी हंगामी बाजारपेठ दिवाळी अंकांचीच आहे.

सूत्र लक्षात ठेवा: अंकात जाहिराती किती, किंमत किती आणि तो किती वर्षे सातत्याने निघतो आहे, या तीन गोष्टींवरून मानधनाची शक्यता बांधता येते.

२. बाजारपेठेचे प्रकार

(अ) मुद्रित अंक. 'मौज', 'हंस', 'आवाज', 'साधना', 'अक्षर', 'ऋतुरंग' यांसारख्या अंकांची प्रत्येकाची प्रकृती वेगळी आहे. 'आवाज' विनोदी साहित्याचा, तर 'साधना' साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेले वैचारिक साप्ताहिक. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी बालभारतीचे १९७१ पासून निघणारे 'किशोर' पाहावे. विदर्भ आणि छत्तीसगढच्या लेखकांना नागपूर जवळचे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे 'युगवाणी' तिथूनच निघते. अंक न वाचता साहित्य पाठवणे हे 'साभार परत' येण्याचे सर्वात सामान्य कारण आहे.

(आ) ध्वनी आणि डिजिटल. आकाशवाणी केंद्रे कथावाचन, काव्यवाचन आणि श्रुतिका यांसाठी मानधन देतात. 'स्टोरीटेल' २०१७ मध्ये भारतात आले आणि त्यांनी मराठीत खास ऐकण्यासाठीच्या मालिका लिहून घेतल्या. 'प्रतिलिपी'सारख्या मंचावर संपादकाची निवड लागत नाही. मात्र उत्पन्न वाचकसंख्येवर आणि वाचकांच्या सशुल्क सदस्यत्वावर अवलंबून असते. हे मानधन नव्हे, हिस्सा आहे. दोहोंतला फरक समजून घ्यावा.

(इ) अनुवाद. दोन भाषा येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे नियमित कामाचे क्षेत्र आहे. मूळ लेखकाची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी मात्र हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य हक्कमुक्त होते. उदाहरणार्थ, साने गुरुजी १९५० मध्ये वारले, म्हणून त्यांचे साहित्य २०११ पासून मुक्त आहे.

(ई) इंग्रजी आणि परदेशी. राष्ट्रकुल लघुकथा पुरस्काराला प्रवेश शुल्क नाही, शब्दमर्यादा २००० ते ५००० आहे आणि इतर भाषांतून इंग्रजीत अनुवादित कथाही चालतात. विज्ञानकथेत इंग्रजी मासिके शब्दामागे पैसे देतात. अमेरिकेतील विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने २०१९ मध्ये शब्दामागे ८ सेंट हा व्यावसायिक दर ठरवला होता. अशा मासिकांची सूची 'सबमिशन ग्राइंडर' या मोफत ठिकाणी दर, शब्दमर्यादा आणि उत्तराचा कालावधी यांसह मिळते. मराठीत अशी तयार सूची हाताशी नसल्याने ती प्रत्येकाने स्वतः करायची असते.

(उ) योजना आणि पुरस्कार. पंतप्रधान युवा लेखक योजनेत (२०२१ पासून, राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत) ३० वर्षांखालील निवडक लेखकांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून, ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी, ५०,००० रुपयांचा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते; अर्ज करण्यापूर्वी पात्रतेच्या अटी वाचून घ्याव्यात.

३. संग्रहाचा सापळा

विद्यार्थ्यांना सर्वाधिक येणारे निमंत्रण असे असते: "आमच्या प्रातिनिधिक काव्यसंग्रहात सहभागी व्हा. सहभाग शुल्क फक्त ३०० रुपये. आयएसबीएन, प्रमाणपत्र आणि सहलेखक म्हणून नाव."

गणित करून पाहा. समजा ६० कवींनी प्रत्येकी ३०० रुपये दिले. आयोजकाकडे १८,००० रुपये जमले. मागणीनुसार छपाईच्या पद्धतीत आधी प्रती छापाव्याच लागत नाहीत; छापलेली प्रतही बहुधा कवीलाच विकत घ्यावी लागते. म्हणजे पुस्तक बाजारात एकही प्रत न विकता आयोजकाचा नफा झालेला असतो. अशा व्यवहारात वाचक शोधण्याची गरजच उरत नाही, कारण गिऱ्हाईक लेखकच आहे. निवडही होत नाही, कारण नाकारलेली प्रत्येक कविता म्हणजे ३०० रुपयांचे नुकसान.

आणि आयएसबीएन? भारतात हा क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नाही.

खरा प्रातिनिधिक संग्रह वेगळा असतो. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला 'पॉयझन्ड ब्रेड' (१९९२) हा मराठी दलित साहित्याच्या इंग्रजी अनुवादांचा संग्रह पाहा. त्यात संपादकाची भूमिका आहे, निवड आहे, आणि वाचक समोर ठेवून केलेले पुस्तक आहे.

मानधन नाही म्हणजे फसवणूक आहे, असेही नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत 'शब्द', 'असो', 'वाचा' यांसारखी लघुनियतकालिके पदरमोड करून निघाली. त्यांतून लेखकांना पैसे मिळाले नाहीत, पण मराठी कवितेची दिशा बदलली. म्हणून तीन कप्पे करा: जे देतात, जे देऊ शकत नाहीत पण निवड करतात, आणि जे मागतात. पहिल्या दोहोंकडे पाठवा. तिसऱ्याकडे पाठवू नका.

४. एका कथेतील अनेक हक्क

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार मुक्त लेखक हाच आपल्या साहित्याचा पहिला मालक असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कथा लिहून झाली की हक्क निर्माण होतो. हा हक्क एकसंध नसतो. नियतकालिकात प्रथम प्रकाशन, संग्रहात पुनर्मुद्रण, अनुवाद, ध्वनिरूप, नाट्य किंवा चित्रपट रूपांतर असे त्याचे भाग पडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे देता येतो.

समजा एका विद्यार्थिनीने उरल्यातील रात्रपाळीवर २५०० शब्दांची कथा लिहिली. तिने ती दिवाळी अंकाला फक्त प्रथम प्रकाशनासाठी दिली, तर पुढच्या वर्षी तीच कथा आकाशवाणीवर वाचता येईल, तिचा हिंदी अनुवाद करता येईल आणि पाच वर्षांनी स्वतःच्या संग्रहात घेता येईल. तिने "सर्व हक्क कायमस्वरूपी" अशा ओळीखाली सही केली, तर यांतले काहीही करण्यासाठी तिला दुसऱ्याची परवानगी मागावी लागेल.

कायद्यातील हे मुद्दे लक्षात ठेवा:
• हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. तोंडी हस्तांतरण वैध नाही.
• करारात कालावधी लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.
• हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्याचा वापर केला नाही, आणि करारात वेगळे लिहिले नसेल, तर हक्क लेखकाकडे परत येतो.
• हक्क दिले तरी लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

आणखी एक गोष्ट. कथा आधीच फेसबुकवर किंवा एखाद्या मंचावर टाकली असेल तर बहुतेक संपादक ती 'प्रकाशित' धरतात. प्रथम प्रकाशनाचा हक्क एकदाच देता येतो. तो लाइकसाठी खर्च करायचा की अंकासाठी राखायचा, हे टाकण्यापूर्वी ठरवा.

५. रॉयल्टी: रायपूरचे उदाहरण

पुस्तकाची किंमत २५० रुपये, रॉयल्टी १० टक्के आणि विक्री ५०० प्रती असे धरले तर लेखकाला १२,५०० रुपये मिळतात. हिशेब सोपा आहे. अडचण "विक्री किती झाली" हे कळण्यात आहे.

रायपूरचे कवी-कादंबरीकार विनोद कुमार शुक्ल यांनी २०२२ मध्ये, वयाची पंच्याऐंशी गाठली असताना, आपल्या पुस्तकांची रॉयल्टी फारच तुटपुंजी मिळते अशी जाहीर तक्रार केली. संबंधितांनी आपली बाजू मांडली आणि हिंदी जगतात मोठी चर्चा झाली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये 'दीवार में एक खिड़की रहती थी' या त्यांच्या १९९७ च्या कादंबरीसाठी 'हिंद युग्म' या प्रकाशनाने त्यांना रायपुरातच सुमारे तीस लाख रुपयांचा रॉयल्टीचा धनादेश दिला. वाचकांनी उचलून धरणे आणि नव्या प्रकाशनाने पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचवणे या गोष्टी यात आहेतच. पण आपल्यासाठी धडा हा की चांगल्या पुस्तकाचे उत्पन्न आपोआप लेखकापर्यंत येत नाही. म्हणून करारात तीन वाक्ये मागून घ्या: विक्रीचे विवरण दरवर्षी मिळेल, ई-पुस्तक आणि ध्वनिपुस्तक यांचे दर वेगळे लिहिले जातील, पुस्तक अनुपलब्ध राहिल्यास हक्क परत मिळतील.

६. साहित्य पाठवण्याची पद्धत

१. सूची तयार करा. ग्रंथालयात मागील दोन वर्षांचे अंक पाहा. संपादकाचे नाव, पत्ता, शब्दमर्यादा आणि नवोदितांचे प्रमाण नोंदवा.
२. वेळ पाळा. दिवाळी अंकांसाठी साहित्य साधारणपणे मे ते जुलैमध्ये पोहोचले पाहिजे. सप्टेंबरात अंक छपाईच्या वाटेवर असतो.
३. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. सोबत चार ओळींचे पत्र पुरे: कथेचे नाव, शब्दसंख्या, "अप्रकाशित व स्वतंत्र" असा उल्लेख, संपर्क. कथेचा सारांश किंवा स्वतःची स्तुती नको.
४. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. उत्तर आले नाही तर तीन महिन्यांनी नम्र स्मरणपत्र, त्यानंतर कथा मागे घेत असल्याचे कळवून दुसरीकडे.
५. प्रयोगशाळेच्या जर्नलप्रमाणे नोंद ठेवा: कथा, कुठे, तारीख, उत्तर, दिलेले हक्क, मानधन, मिळाल्याची तारीख.
६. स्वीकृती आल्यावर विचारा: "मानधनाचे स्वरूप काय असेल आणि कोणते हक्क अपेक्षित आहेत?" हा प्रश्न विचारणे उद्धटपणा नाही. शिकवणीचे पैसे आपण विचारतोच.
७. मानधन ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर उद्गम कर कापला जातो. पॅन द्या आणि विवरणपत्र भरा. कर देय नसेल तर कापलेली रक्कम परत मिळते.

७. अपेक्षा किती ठेवावी?

मराठीत केवळ कथा-कवितेवर घर चालवणारे लेखक विरळाच. १९८१ मध्ये रायपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष गंगाधर गाडगीळ मराठी नवकथेचे अग्रणी होते आणि व्यवसायाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध यांचीही स्थिती तीच. नोकरी सांभाळून लिहिणे ही आपल्याकडची रीत आहे, त्यात कमीपणा नाही. पण त्यामुळे मानधन मागूच नये, असा अर्थ निघत नाही. पहिले मानधन पाचशे रुपयांचे असले तरी त्यातून संपादकाने निवड केली, वाचकाने अंक विकत घेतला आणि हक्क तुमच्याकडे राहिले, हे सिद्ध होते. शुल्क भरून मिळालेल्या प्रमाणपत्रातून यांपैकी काहीच सिद्ध होत नाही.

स्वाध्याय

१. 'छत्तीसगढ मित्र' बंद पडणे आणि दिवाळी अंकांची परंपरा टिकणे, या दोहोंची आर्थिक कारणे तुलनेने लिहा.
२. ८० कवी, सहभाग शुल्क २५० रुपये. आयोजकाचे जमा उत्पन्न काढा आणि त्याला वाचकांची गरज का नाही ते स्पष्ट करा.
३. तुमच्या एका कथेतील किमान चार वेगवेगळे हक्क लिहा आणि प्रत्येकासाठी एक ठिकाण सुचवा.
४. ग्रंथालयातील पाच दिवाळी अंक पाहून शब्दमर्यादा, साहित्यप्रकार आणि नवोदित लेखकांची संख्या यांचा तक्ता करा.
५. "या कथेचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील" हे वाक्य लेखकाच्या हिताचे होईल असे बदलून लिहा.