टेनिस: जोर कुणाचा, जागा कुणाची?

विम्बल्डनच्या दिवसांत हुडकेश्वरच्या चहाटपरीवरही टेनिसची ठाम मतं ऐकू येतात. त्यांतली चार तपासून पाहू.

गैरसमज : "उंच पोट्ट्यांचाच खेळ झाला हा!"
वस्तुस्थिती : पुण्याच्या बालेवाडीत २०१८च्या महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्यात सहा फूट आठ इंची केव्हिन अँडरसनला जिल सिमोंने ७-६, ६-२ असं हरवलं. सिमोंचं भांडवल चिकाटी आणि परतीचे फटके. पुढच्या वर्षी अँडरसन जिंकला, पण हरलेला इव्हो कार्लोविच त्याच्याहूनही उंच होता.

गैरसमज : बेसलाइनचा खेळ म्हणजे लांबलचक रॅली.
वस्तुस्थिती : रॅली लक्षात राहतात, एवढंच. बहुतेक गुण पहिल्या चार फटक्यांतच संपतात. म्हणून सर्व्हिस आणि तिच्यानंतरचा फटका जोडीनेच घोटतात. सर्व्हिस बाहेरच्या बाजूला टाकायची. प्रतिस्पर्धी कोर्टाबाहेर ओढला गेला, की मोकळ्या अर्ध्या भागात फोरहँड.

गैरसमज : नेटवरचा खेळ संपला.
वस्तुस्थिती : संपलं ते प्रत्येक सर्व्हिसमागे नेटकडे धावणं. विम्बल्डनने २००१मध्ये पूर्ण रायग्रासचं गवत आणलं, चेंडू जास्त उसळू लागला. त्यात रॅकेटला पॉलिस्टरच्या तारा आल्या. त्यांच्या टॉपस्पिनमुळे परतीचा चेंडू नेटकडे धावणाऱ्याच्या थेट पायाशी बुडतो. २००२च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात ह्युइट आणि नालबंदियन दोघेही बेसलाइनवरच राहिले. आज अल्कराझ नेटवर येतो, पण समोरच्याला अंदाज नसताना.

गैरसमज : अंडरआर्म सर्व्हिस म्हणजे रडीचा डाव.
वस्तुस्थिती : नियमात ती पूर्ण बसते. १९८९च्या फ्रेंच ओपनमध्ये पायांत गोळे आलेल्या १७ वर्षांच्या मायकल चँगने ती इव्हान लेंडलवर टाकली आणि सामना जिंकला. आता तिला वेगळं कारण आहे. वेगवान सर्व्हिस परतवायला जास्त वेळ मिळावा म्हणून मेदवेदेवसारखे खेळाडू बेसलाइनच्या कितीतरी मागे उभे राहतात. वेळ मिळतो, पण पुढची जागा रिकामी पडते. नेटलगत अलगद पडलेला चेंडू गाठायला तेवढं अंतर धावून यावं लागतं. ड्रॉप शॉटला आलेले चांगले दिवसही याच रिकाम्या जागेचे.

पुढच्या सामन्यात सर्व्हिसचा वेग दाखवणाऱ्या आकड्याआधी ती परतवणाऱ्याचे पाय कुठे आहेत ते बघा. चेंडू कुठे पडणार, याचा अंदाज टपरीवर सर्वांआधी तुम्हीच सांगाल.