बंदुकीची तिजोरी: आधी मूल, मग चोर, मग आग



आजचा विषय थोड्याच घरांचा आहे. पण ज्या घरात परवान्याची बंदूक आहे, तिथे तो फार महत्त्वाचा आहे. बंदूक ठेवायला तिजोरी कशी निवडायची, ते आज सांगतो. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

फौजेत पलटणीच्या शस्त्रागाराला कोत म्हणतात. कोतमधून रायफल बाहेर पडली की रजिस्टरमध्ये नंबर, वेळ आणि सही. संध्याकाळच्या मोजणीत एक कमी भरली, तर ती सापडेपर्यंत कुणाला चैन नसतं. अशा रजिस्टरांवर मी वर्षानुवर्षं सह्या केल्या. निवृत्तीनंतर महूला घर बांधलं. वडिलांची बारा बोअरची दुनळी रीतसर माझ्या परवान्यावर आली होती. ती मी ठेवली कुठे? बेडरूममधल्या लोखंडी कपाटात. काडतुसांचा डबा त्याच कप्प्यात आणि किल्ली साड्यांच्या घडीखाली.

एका मे महिन्यात पुण्याहून नातू आला, सहा वर्षांचा. दुपारी मी जरा पडलो होतो. ही खोलीत गेली तर कपाट उघडं आणि नातू जमिनीवर बसून बंदुकीच्या खोळीची चेन ओढतोय. आजीच्या मागे मागे फिरताना किल्लीची जागा त्याने कधीच हेरून ठेवली होती. बंदूक रिकामी होती. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही. निष्काळजीपणाबद्दल मी जवानांना शिक्षा दिल्या होत्या, आणि माझ्या घरात कोत नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली आणि तिजोरी शोधायला लागलो. तेव्हा लक्षात आलं की दुकानदार बोलायला सुरुवात करतो ती आगीपासून, कारण ‘अग्निरोधक’ शब्दाला भाव जास्त. आपला क्रम वेगळा हवा. आधी मूल, मग चोर, मग आग.

मुलासाठी: कुलूप

किल्लीचं कुलूप मजबूत असतं, पण किल्ली लपवावी लागते, आणि घरातली लपवलेली वस्तू मुलांना सापडतेच. म्हणून मी आकड्यांचं कुलूप सुचवतो. चकतीचं यांत्रिक असो वा बटणांचं इलेक्ट्रॉनिक, कंपनीने दिलेला मूळ कोड पहिल्याच दिवशी बदला. जन्मतारीख, गाडीचा नंबर नको. इलेक्ट्रॉनिक असेल तर बॅटरी वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी बदला. बोटाच्या ठशाचं कुलूप घेण्याआधी ओल्या आणि कोरड्या बोटांनी दहादहा वेळा लावून बघा. शेतात राबणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, तिथे ते दगा देतं. काही हलक्या पेट्यांचं कुलूप नुसत्या दणक्यानेही उघडतं. अशी पेटी कपड्यांच्या कपाटात ठेवायला ठीक, बंदुकीला नाही.

कोड फक्त परवानाधारकाकडे असावा. हे सांगितल्यावर आमच्याकडे दोन दिवस अबोला होता. पण परवाना व्यक्तीच्या नावे असतो, घराच्या नावे नाही. मी कोड बंद पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे. सोबत चिठ्ठी आहे: माझ्यामागे आधी पोलीस ठाण्याला कळवा, त्यांच्या सांगण्याप्रमाणे शस्त्र जमा करा.

चोरासाठी: पत्रा आणि बोल्ट

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. १४ गेज म्हणजे साधारण १.९ मिलिमीटर, १२ गेज २.७, १० गेज ३.४. घरातल्या नेहमीच्या कपाटाचा पत्रा याहून बराच पातळ असतो. १२ गेजच्या खाली, म्हणजे त्याहून पातळ, जाऊ नका. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे, त्याविषयी दुकानदाराला विचारा. परदेशी मालावर ‘यूएल आरएससी’ लिहिलेलं असेल, तर त्याच्या मूळ पातळीचा अर्थ इतकाच की साध्या हत्यारांनी पाच मिनिटं झटूनही ती उघडली नाही. पाच मिनिटं कमी वाटतात, पण घाईतल्या चोराला ती पुष्कळ.

मात्र चोर तिजोरी फोडण्याऐवजी उचलून नेतात. म्हणून ती काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने जखडा, शक्यतो कोपऱ्यात, म्हणजे पहार घालायला जागा उरत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर वजनाचा विचार करा. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून आखलेला असतो. अडीचशे-तीनशे किलोची तिजोरी खोलीच्या मधोमध नको. ती बीम किंवा कॉलमजवळ ठेवा, आणि छिद्र पाडण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

आकाराचंही सांगतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. नेमबाजांचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे वीस बंदुकांच्या विलायती कपाटाचा मोह नको. तेच पैसे जाड पत्र्यात घाला. अखंड दुनळीला आत सव्वा मीटर उंची लागते. नळी आणि दस्ता वेगळे करून ठेवलेत तर बऱ्याच लहान तिजोरीत काम भागतं, आणि सुटे भाग मुलाच्या हाती लागले तरी धोका कमी.

आगीसाठी: चार प्रश्न

‘अग्निरोधक’ म्हणजे जळतच नाही असं नव्हे. अशा तिजोरीच्या भिंतीत बहुधा जिप्समचा थर असतो. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. आगीत त्याची वाफ होते आणि ती उष्णता पिते. पाणी संपलं की संरक्षणही संपत जातं. दाराभोवती उष्णतेने फुगणारी पट्टी असेल तर धूर आणि ज्वाळा आत शिरत नाहीत.

दुकानदाराला चार प्रश्न विचारा. चाचणी कुणी घेतली, कंपनीने स्वतः की स्वतंत्र प्रयोगशाळेने? भट्टी किती अंशांवर होती? किती वेळ? आतलं तापमान कितीवर राहिलं? उदाहरणार्थ, ‘यूएल ७२, क्लास ३५०, एक तास’ याचा अर्थ भट्टी तासाभरात सुमारे ९२७ अंश सेल्सिअसपर्यंत गेली, तरी आत १७७च्या वर गेलं नाही.

इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. हे १७७ अंश कागद वाचवण्यासाठी ठरवलेत. काडतुसातली बिनधुराची दारू १७० अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. म्हणून अग्निरोधक तिजोरीतही काडतुसं बंदुकीत कधीच नकोत. सुटं काडतूस आगीत फुटतं आणि त्याचे तुकडे उडतात. पण नळीत भरलेलं काडतूस पेटलं तर खरीच गोळी सुटते, आणि समोर अग्निशमन दलाचा जवान असू शकतो. काडतुसं वेगळ्या कुलूपबंद डब्यात, खाली, स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. आग लागलीच तर घरात काडतुसं आहेत आणि कुठे आहेत, हे दलाला पहिल्या वाक्यात सांगा. आगीतून वाचलेली बंदूक जाणकार कारागिराने तपासल्याशिवाय झाडू नका. उष्णतेने स्प्रिंग आणि पोलाद मऊ पडलेलं असतं.

अग्निरोधक तिजोरीचा एक तोटाही आहे. ती आत दमटपणा धरून ठेवते. कोकणात, गोव्यात, कोडगूमध्ये पावसाळ्यात बंदूक बघता बघता गंजते. रंग बदलणारी सिलिका जेलची पुडी आत ठेवा, रंग बदलला की बदला, आणि महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा.

आणि तिजोरीही पुरत नाही तेव्हा

घरात कुणी खचलेलं असेल, दारूच्या आहारी गेलं असेल, भांडणं टोकाला गेली असतील, आणि ती व्यक्ती कदाचित परवानाधारकच असेल, तर कोणतीच तिजोरी पुरेशी नाही. शस्त्र काही दिवस पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. त्यात कमीपणा काही नाही. आम्ही फौजीही करतो, आणि केलंच पाहिजे.

आज रात्री एवढंच करा. बंदूक रिकामी आहे का ते स्वतः उघडून बघा. काडतुसं वेगळी काढा, मोजा, वहीत लिहा. आणि किल्ली कुठे आहे हे घरात कुणाकुणाला माहीत आहे, ते विचारा. मुलांनाही विचारा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.