जनरेटर घ्यायचा, पण ठेवणार कुठे?

उन्हाळ्यात नागपूरच्या गृहिणीला एकच धसका असतो, भर दुपारी लाईन जाण्याचा. नवतपा चालू आहे, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आहे आणि कूलर घरघर करून थांबतो. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं शहराला लागूनच. पण वादळात एखादी फांदी तारेवर पडली की प्रताप नगरातही दिव्याखाली अंधार! 2005 नंतरच्या वर्षांतलं ते रोजचं भारनियमन आता राहिलं नाही, हे खरं. तरी घरात म्हातारी माणसं, तान्हं मूल किंवा ऑक्सिजनच्या मशीनवरचा पेशंट असेल, तर दोन तासही जड जातात. मग विषय निघतो, "एक छोटा जनरेटर घेऊनच टाकू या."

घ्या, पण दुकानात जाण्यापूर्वी वही-पेन्सिल घेऊन बसा.

आधी हिशेब

लाईट गेल्यावर काय चालायलाच हवं, तेवढंच लिहा. दोन पंखे दीडशे वॅट, चार एलईडी दिवे चाळीस, कूलर दोनशे, फ्रिज दोनशे. झाले सुमारे सहाशे. पण फ्रिजची मोटर सुरू होताना क्षणभर तिप्पट किंवा त्याहूनही जास्त वीज ओढते. म्हणजे हजाराच्या पुढे गेलो. दुकानदार 'एक केव्हीए' म्हणतो तेव्हा साधारण आठशे वॅटच समजावेत. अशा घराला दीड ते दोन केव्हीए लागेल. मिक्सर, इस्त्री आणि पाण्याची मोटर यादीत घालू नका. ती कामं लाईन आल्यावर होतात. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला थंडावा चारेक तास टिकतो, तेव्हा त्याचीही घाई नको.

मग जागा

ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही आणि तो उठतच नाही. म्हणून घरात, गॅलरीत, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये जनरेटर कधीही लावू नये. खिडकी उघडली, पंखा लावला, तरी भागत नाही. तो उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर हवा आणि धुराचं तोंड घराकडे नको. शेजारणीच्या खिडकीकडेही नको!

प्लॉटवर स्वतंत्र घर आणि मागे अंगण असेल तर हे जमतं. फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्या मैत्रिणींनी मात्र सरळ इन्व्हर्टर घ्यावा. दीडशे एएचची चांगली बॅटरी तीनशे वॅटचा भार तीन-चार तास ओढते. ना धूर, ना आवाज. फक्त बॅटरी हवेशीर जागी ठेवावी आणि तिच्यातलं डिस्टिल्ड वॉटर वेळेवर पाहावं. छतावर सोलर असलं तरी गाफील राहू नका. नेहमीचं, लाईनला जोडलेलं सोलर लाईन गेली की आपणहून बंद पडतं.

जोडणी वायरमनकडूनच

काही घरी दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करतात आणि जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडतात. हे फार घातक आहे. ती वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर दुरुस्तीला चढलेला लाईनमन हकनाक प्राणाला मुकू शकतो. त्याच्याही घरी कुणी वाट पाहत असतं. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

घेताना

दुपारी घरात बहुधा आपणच असतो. म्हणून सुरू करायची दोरी दुकानातच स्वतः ओढून पाहा आणि मशीन हलवूनही पाहा. आवाज ऐका. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. सर्व्हिसिंग गावातच होते का, तेही विचारा.

पेट्रोल स्वयंपाकघरात, गॅसजवळ ठेवू नये. मशीन बंद करून, गार झाल्यावरच भरावं. महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवावं आणि पावसाळ्यानंतर टाकी रिकामी करून ठेवावी. नाहीतर शिळ्या पेट्रोलने कार्बोरेटर चोंदतो.

अंगण आहे का आणि यादी किती वॅटची, या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर आली की निम्मं काम झालं. पेशंट असलेल्या घरी मात्र एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडरही हाताशी असू द्यावा. यंत्र कुठलंही असो, ऐनवेळी रुसू शकतं.