कोपऱ्यावरच्या माणसाची किंमत

चाकूरच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषेजवळ कोपऱ्यावरचा पोरगा वाकून उभा असतो, नजर समोरच्याच्या घोट्यावर. टाळ्या मात्र चढाई करणाऱ्याला.

प्रो कबड्डीच्या लिलावातही बरीच वर्षं हेच चाललं. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाला 36 लाख 40 हजारांत मिळाला होता. त्या एका हंगामात त्याने चढाईत 200हून जास्त गुण घेतले, आणि 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. संघाला खर्चाची मर्यादा होती 4 कोटी 40 लाखांची. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा एकट्यावर! देसाईने पुन्हा 200चा आकडा ओलांडला, तरी टायटन्स बाद फेरीत पोहोचले नाहीत.

कारण खेळातच आहे. चढाईपटू पकडला गेला की बाहेर बसतो. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केल्याशिवाय तो सहसा आत येत नाही, आणि ते काम बऱ्याचदा पकड करणाऱ्यांवर येतं. म्हणून मला पुणेरी पलटणचा 2023चा निर्णय फार मोलाचा वाटतो. चढाईसाठी अस्लम इनामदार, मोहित गोयत ही तरुण पोरं संघात घडत होतीच. पलटणने 2 कोटी 35 लाख ओतले ते इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर. तो डाव्या कोपऱ्यावर पकड करतो. 1 मार्च 2024 रोजी पलटणने अंतिम सामना 28-25 असा जिंकला.