गोठलेल्या जमिनीवर थंडगार टाकी

द्रवरूप नैसर्गिक वायू साठवायचा तर उणे १६२ अंश हवेत. मग रशियाच्या यमाल द्वीपकल्पात, आर्क्टिकच्या थंडीत, काम सोपं? छे! खरी डोकेदुखी जमिनीची. ती बारमाही गोठलेली, वितळली की खचणार. म्हणून तिथल्या साबेट्टा बंदरातल्या टाक्या खांबांवर उचलून धरल्यात, खालून गार वारा खेळता. शिवाय जमिनीत थर्मोसायफन. या बंद नळ्यांवर मी फिदा आहे! तळाशी द्रव उकळतो, वाफ वर येऊन थंडीत परत द्रव होते, जमिनीतली ऊब बाहेर. वीज शून्य! एकेक टाकी १,६०,००० घनमीटरची. आत निकेलमिश्रित पोलाद, बाहेर काँक्रीट. इथून वायू घेऊन पहिलं जहाज डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. उष्ण देशांत उलटंच: टाकीच्या गारठ्याने माती गोठून फुगू नये म्हणून टाकीखाली चक्क हीटर!